अकरा अर्जांतली एक मशीन

आमच्या गल्लीत अख्खा कूलर कोणीच बनवत नाही, पण विचारलं तर प्रत्येक जण स्वतःला कूलरवाला म्हणवतो. इतवारीतली अरुंद गल्ली, अकरा दुकानं. एकाकडे पत्रा कापला जातो, दुसऱ्याकडे टाकी होते, समोर जाळ्या, कोपऱ्यावर रंग, आणि शेवटच्या दुकानात पंखा-पंप बसून, वाळ्याच्या ताट्या लागून कूलर हातगाडीवर चढतो. अर्धवट कूलर दिवसभर या दारातून त्या दारात फिरत असतात. बाबांचं दुकान मधोमध. तिथे पत्रा वाकवायची मशीन आहे, हाताने दांडा ओढायची. माझ्याहून वयाने मोठी आणि माझ्याहून लाडाची, असं मी लहानपणापासून म्हणत आलेय.

त्या दांड्यापायी बाबांचा उजवा खांदा कामातून गेला. दोन वर्षं मी त्यांच्यामागे लागले होते, मशीन भंगारात द्या आणि माझ्याकडे राहायला या. मी शाळेत गणित शिकवते, घर मेट्रो स्टेशनपासून जवळ, वरची खोली रिकामीच पडलेली. बाबा हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. माझ्यापुढे चहाचा कप सरकवत, की झालं.

मग ती योजना आली. एकाच भागात एकच धंदा करणाऱ्यांनी मिळून अर्ज केला तर सरकार त्यांना सामाईक कार्यशाळा देणार होतं, त्यात विजेवर चालणारी वाकवायची मशीन आणि रंगाची भट्टीसुद्धा. वरून कारखाना आणून ठेवण्याऐवजी, तुम्हाला काय हवंय असं गल्लीला कोणी विचारण्याची ही पहिलीच वेळ. गल्लीने ते फार मनावर घेतलं. तीन दुकानदार शहराबाहेर प्लॉट घ्यायच्या बेतात होते, आणि ते तिघे गेले की उरलेल्यांचा कूलर पुरा व्हायचाच नाही, हे सगळ्यांना कळत होतं. अर्ज ऑनलाइन भरायचे, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येकाने आपला फॉर्म हाताने लिहून दिला, मी नावं आणि सह्या बघितल्या, फोटो काढले आणि पाठवून दिले. पोरांच्या वहीत सुटलेला हातचा मला लांबून दिसतो. इथे मात्र मी आत काय लिहिलंय ते वाचलंच नाही.

पंधरा दिवसांनी योजनेच्या कार्यालयातून एका मॅडमचा फोन आला. दहा फॉर्मांमध्ये यंत्रांच्या रकान्यात 'पत्रा वाकवायची मशीन, एक' असं लिहिलंय. दहा मशीन असताना तुम्हाला आणखी एक कशाला हवी? आणि माहिती खोटी निघाली तर अर्ज रद्द होईल. त्या दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला येणार होत्या.

माझं डोकंच फिरलं. तशीच गल्लीत गेले आणि एकेकाला फैलावर घेतलं. माझ्याहून मोठी, कडेवर घेऊन मला फिरवलेली माणसं खाली बघत उभी राहिली. फक्त जाळीवाले काका बोलले, तेही अगदी शांतपणे.

"आहे ना वं आपली मशीन. तीस साल झाले, तिच्यावरच जाळ्या वाकवून राहिलो. नाही म्हणून कसं लिहू?"

हे ऐकून मी आणखीच चिडले.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, बाबांच्या स्टुलावर बसल्या. रात्रभर मनात घोकलेलं भाषण मी सुरू करणार, तोच जाळीवाले काका चौकटी घेऊन आत आले. कोणाला काही विचारलं नाही. कडेला बाबांच्या पत्र्यांची थप्पी होती. तिच्यातले दोन पत्रे त्यांनी आधी वाकवले, नीट उभे करून ठेवले, मग आपल्या चौकटी केल्या आणि निघून गेले. थोड्या वेळाने टाकीवाला आला. त्यानेही आधी थप्पीतले दोन पत्रे घेतले. मग स्टँडवाला आला. त्यानेही तेच केलं. बाबा फक्त खुणा करून देत होते.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. हे कधीपासून चाललंय, असं मी विचारलं, तर मागच्या दिवाळीपासून, म्हणाले. मी दर रविवारी येत होते. रविवारी गल्ली बंद असते. मला फार लाज वाटली.

मॅडम बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, एका मशीनवर मिळून काम करा, हे समजवायला त्या गावोगाव फिरतात आणि कोणी ऐकत नाही. दहाही फॉर्म दुरुस्त करून द्या, मशीन एकच आणि वापरणारे सगळे, असं स्वच्छ लिहा, अर्ज पुढे पाठवते. मग त्यांनी अकरावा फॉर्म काढला. बाबांचा. त्यातला यंत्रांचा रकाना कोरा होता. मशीन तुमच्या दुकानात, आणि तुम्हीच ती लिहिली नाही, हे कसं काय, असं त्यांनी विचारलं.

बाबांनी गमछ्याने हात पुसले.

"दांडा आता माह्यानं ओढला नाही जात, मॅडम. हे लोक ओढून राहिले. मंग मी माही म्हणून काहून लिहू?"

तुमच्यातही तेच लिहा, असं मॅडम म्हणाल्या, आणि बाबांचा नवा फॉर्म मी लिहिला. त्या रकान्यापाशी आले तेव्हा अक्षर दिसेना, आणि डोळे पुसायलाही मला बाबांचाच गमछा मागावा लागला.

मॅडम गेल्यावर मी पर्स खुंटीला अडकवली आणि थप्पीतला एक पत्रा उचलला. दांडा मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड निघाला. पत्रा तिरका वाकला. जाळीवाले काका समोरून उठून आले, त्यांनी दोन ठोके मारून तो सरळ केला, आणि बाबांच्या तयार पत्र्यांमध्ये उभा करून ठेवला.