बिया काढलेल्या मनुका

आमच्या आईच्या सुक्या मेव्याच्या डब्यातलं काहीच तिचं नव्हतं. काजू पाहुण्यांचे, बेदाणे शिऱ्याचे, अंजीर जावयाचे आणि खारीक पुढेमागे कोणाच्या तरी बाळंतपणातल्या लाडवांची. दिवाळीत आलेला मेव्याचा बॉक्स तर ती उघडायचीसुद्धा नाही. तो तसाच्या तसा मानपाड्याला मामाकडे रवाना व्हायचा.

गेल्या वर्षी तिचं हिमोग्लोबिन फार खाली गेलं. वर्तकनगरच्या आमच्या इमारतीचा जिना चढताना ती मध्येच कठडा धरून उभी राहायची आणि मला म्हणायची, "तू हो पुढे, मी जरा वारा खाते." मला आतून धसका बसायचा. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, जोडीला रात्री मूठभर काळ्या मनुका भिजवा, सकाळी लिंबू पिळून पाण्यासकट खा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागेल.

गोळ्या तिने मुकाट घेतल्या. मनुका मात्र दुपारी माझ्या मुलाच्या खिरीत सापडायच्या. मी चिडले की म्हणायची, "अगं, वाढतं वय त्याचं आहे, माझं नाही."

मग मी शक्कल लढवली. प्रसादाला आई कधी नाही म्हणत नाही. एरवी उदबत्ती लावायचाही कंटाळा करणारी मी, रोज सकाळी मनुकांची वाटी देवापुढे ठेवू लागले. पण प्रसाद वाटल्याशिवाय खायचा नसतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आई वाटी घेऊन मजल्यावरच्या सगळ्या घरांत फिरून आली. परतली तेव्हा वाटीत जेमतेम एक मनुका होती.

मी वाटी मोठी केली. मीही तिचीच मुलगी.

एके सकाळी तिने मला देव्हाऱ्यापाशी बोलावलं. हातात वाटी होती.

"ह्यातल्या बिया कोणी काढल्या?"

"मी."

"का गं? देवाला कवळी बसवलीय?"

मी हसायला गेले आणि रडूच फुटलं. म्हटलं, "आई, तू मला अजून खूप वर्षं हवी आहेस. ह्या नको ना कोणाला देऊस."

ती स्टूल ओढून बसली आणि एकेक मनुका सावकाश चावत राहिली. तळाचं पाणीही प्यायली. काहीही खाताना समोरच्याला "घे ना" म्हणायची तिची जन्माची सवय. त्या दिवशी तिने मला विचारलंसुद्धा नाही.