लेकरांचे साहेब

चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात मी काम करतो, तिथं दह्याच्या विरजणाची भुकटी बनते. विरजणाची थंड खोली सांभाळायला एक साहेब आहेत. आतल्या जिवाणूंना ते 'लेकरं' म्हणतात. कुणी दार आपटलं की यांच्याच छातीत धडकी भरते. "वाळवायच्या आधी लेकरांना साखरेची गोधडी घालावी लागते हो, नायतर गरम हवेनं मरतात," हे सांगताना ते खोलीच्या दारावरून हात फिरवतात.

ती भुकटी पुड्यांत भरायचं काम मात्र पत्र्याखाली चालतं. पंखा बंद, कारण भुकटी उडते.

मे महिन्यात तिथल्या एका मावशींना भोवळ आली. मी त्यांना धरून थंड खोलीकडे नेलं, तर साहेब दारात हात पसरून उभे.

"दार उघडू नका! लेकरांना झटका बसंल."

मग मावशींकडे वळून मायेनं म्हणाले, "थोडं थोडं सोसलं ना मावशी, की सवय होती बघा."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "व्हय साहेब. पुढचा जन्म तुमच्या लेकरांतच घेते आता."

साहेब चक्क लाजले. मावशींनी केलेलं हे कौतुक ते अजून सगळ्यांना सांगतात.