डावीकडे ओढणारी गाडी

तिन्ही चाकं जमिनीला टेकली आणि मी खूश झालो. तिथंच फसलो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. महाडला माझं नवंकोरं वेल्डिंग वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, ऑक्सिजनचा सिलिंडर, कार्बाइडची टाकी आणि शेणानं सारवलेली जमीन. मुंबईच्या कारखान्यातले माझे फोरमन सांगायचे, "वेल्डिंगचा टॉर्च नंतर घे. आधी जाड लोखंडी प्लेट लेव्हलमध्ये बसव. फ्रेम तिच्यावरच जुळवायची." मी आधी टॉर्च घेतला. प्लेटचं पावसाळ्यानंतर बघू म्हटलं.

गाडी सखारामची. पोलादपूरच्या लाकडाच्या वखारीत तो करवतींना धार लावायचा. ओंडका अंगावर येऊन त्याचे दोन्ही पाय निकामी झाले. हात मात्र शाबूत होते, आणि त्या हातांसारखी धार दुसरा कोणी लावत नसे. वखारीचे शेठ म्हणाले, "येऊन बसला तर काम त्याचंच आहे. पण रोज उचलून कोण आणणार?" म्हणून मी हातानं पेडल मारायची तीनचाकी बनवायला घेतली.

पाइप सारवलेल्या जमिनीवरच मांडले. खरं तर प्रत्येक जोडाला आधी नुसता टाका मारायचा, म्हणजे ठिपक्याएवढं वेल्डिंग. माप बघायचं. मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून पुरे करायचे, कारण लोखंड निवताना ओढून घेतं. मी एक बाजू सलग वेल्ड करून टाकली. सुतळीनं दोन्ही कर्ण मोजले, सारखे भरले. पण फ्रेम पिळली असेल तर ते कर्णात दिसत नाही. दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून त्या एका रेषेत दिसतात का, ते एका डोळ्यानं बघावं लागतं. तेवढा धीर मला कुठला! चार पायांचं स्टूल निदान डुगडुगून सांगतं. तीन पायांचं कसंही असलं तरी टेकतं.

वखारीत मी स्वतः नारळ फोडला. सगळ्यांना बोलावून गाडी दाखवली.

"कशी चालते?" मी विचारलं.

"बेस हाय, मिस्त्री," सखाराम म्हणाला.

दोन वर्षांनी वखारीच्या गेटचं काम निघालं. सखारामच्या जागेवर दुसराच माणूस कानस चालवत होता. मी विचारत विचारत सखारामच्या घरी गेलो. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. कानस धरली की थरथरायचा.

"गाडी डावीकडं जायची," तो म्हणाला. "उजवा हात ताणून धरला की सरळ चालायची."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी नारळ फोडलात, समद्यांना बोलवून दावलीत. चार लोकांत तुमच्या कामात खोट कशी काढू?"

"मी म्हनत होते, सांगा," त्याची बायको म्हणाली. "ऐकलं नाय."

गाडी महाडला आणली. तोवर माझी प्लेट बसली होती. पट्ट्या ठेवून बघितलं तर बोटभर पीळ. जोड तापवून फ्रेम सरळ केली. अर्ध्या तासाचं काम. तो अर्धा तास मी दोन वर्षांपूर्वी दिला नाही, याची लाज मला आजही वाटते.

गाडी सरळ चालू लागली. फक्त सखारामला पेडल मारवेना. मागून बायको ढकलायची.

नवीन वर्कशॉप टाकणारे विचारतात, टॉर्च कुठला घेऊ? मी म्हणतो, आधी प्लेट. आणि गाडी दिल्यावर आठ दिवसांनी आपण होऊन जा. कशी चालते, असं विचारू नका, बेस म्हणतील. कुठल्या बाजूला ओढते, ते विचारा.