डोलखुर्ची अडते तेव्हा

बायको नव्या डोलखुर्चीत मागे कलली आणि तिथेच अडकली. पाय अधांतरी, नजर छताकडे. निवृत्तीनंतर मी केलेली ही पहिलीच खुर्ची, तिच्या साठाव्या वाढदिवसाची भेट.

"अहो, ही परत पुढे येत नाहीये!"

खुर्चीखालच्या दोन्ही कमानी मी प्लायचा साचा करून राउटरने कापल्या होत्या. हे यंत्र साच्याच्या कडेकडेने फिरतं आणि लाकडात तीच रेषा उतरवतं. साचा घासताना मागच्या टोकाशी दोन बोटं भाग सपाट झाला होता. मी तो पाहिलाही होता. म्हटलं, कोणाला कळतंय! राउटरला कळलं. त्याने तो दोन्ही कमानींत इमानेइतबारे उतरवला.

आपली बेफिकिरी अशी हुबेहूब दोनदा समोर आली, की सबबीला जागाच उरत नाही. लाकूड ओलं होतं म्हणावं, तर दोन्ही फळ्या नेमक्या तिथेच कशा ओल्या?

"बघत काय बसलात? ओढा मला!"

मी हात दिला. तो घट्ट धरून ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "आधी खरं सांगा. दिसलं होतं ना तुम्हाला?"

हात सुटेना.