टकटक चाचांची खोकी

टकटक चाचा कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी मधल्या बोटाच्या पेराने तिथलं लाकूड वाजवून बघत. दार, कपाट, खुर्चीचा हात, जे समोर येईल ते. आमच्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझं टेबल दोनदा वाजवलं, मान हलवली आणि म्हणाले, "पोकळ हाय गो, मॅडम." मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. महाडच्या बाजारपेठेत एका दुकानावरच्या माळ्यावर तीन कॉम्प्युटर मांडून नवीनच मास्तरीण झाले होते. ते टेबलाबद्दल बोलतायत हे कळेपर्यंत मला राग येऊनही गेला होता.

चाचांनी अठरा वर्षं कुवेतमध्ये सुतारकाम केलं होतं आणि आता कायमचे घरी आले होते. डोक्याला पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, खिशात मोजपट्टी. मला वाटलं, मुलासाठी नाहीतर भाच्यासाठी क्लासची चौकशी करायला आले असतील. पण त्यांनी पिशवीतून एक सीडी काढून त्या पोकळ टेबलावर ठेवली. कुवेतमधल्या भाच्याने पाठवली होती. "यात स्पीकर मोजायचा प्रोग्राम हाय. मला तेवढाच शिकव. बाकीचं टायपिंग-बियपिंग पोरांना शिकव."

स्पीकर मोजतात हे मला माहीतच नव्हतं. स्पीकर ही गोष्ट मला फक्त मांडवात डोकं उठवण्यापुरती ठाऊक होती. आम्ही दोघांनी मिळून तो प्रोग्राम उलगडला, म्हणजे मी इंग्रजी वाचायचे आणि ते अर्थ सांगायचे. स्पीकरसमोर माइक ठेवायचा. कॉम्प्युटर अगदी खालच्या घुमण्यापासून किंचाळण्यापर्यंत चढत जाणारा एक आवाज सोडतो आणि पडद्यावर रेघ उमटते. स्पीकर जिथे पुटपुटतो तिथे रेघ खाली, जिथे ओरडतो तिथे वर. स्पीकर ज्यात बसवतात ते लाकडी खोकं सुधारत जायचं आणि रेघ सरळ करायची. "माणसाची नाय होत, निदान खोक्याची तरी करू," चाचा म्हणाले.

हा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी चौथ्या की पाचव्या दिवशी सांगितलं. त्यांच्या अम्माला लिहिता येत नव्हतं. म्हणून आमच्याकडच्या पुष्कळ घरांसारखी त्यांच्याही घरून पत्राऐवजी कॅसेट जायची. अम्मा टेपरेकॉर्डर समोर घेऊन तासभर बोलायची आणि गावाला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती कॅसेट कुवेतला पोचायची. चाचा परत यायच्या आदल्या वर्षी अम्मा गेली. त्यांना मातीलाही येता आलं नाही. आता अकरा कॅसेट उरल्या होत्या आणि त्या छोट्या टेपवर अम्मा डालड्याच्या डब्यातून बोलल्यासारखी ऐकू यायची. "मला एकदा अम्मा ऐकायची हाय," चाचा म्हणाले. "डबा नको." त्यानंतर मी त्यांना कधी टाळलं नाही. वैतागले मात्र पुष्कळदा.

उत्तरादाखल चाचांच्या ज्या कॅसेट कुवेतहून यायच्या, त्यांतल्या प्रत्येकीची सुरुवात एकाच वाक्याने असे: "जैतून, आवाज बरोबर येतोय काय?" जैतून म्हणजे चाची. अठरा वर्षं हे वाक्य बोलून त्यांच्या जिभेला ते चिकटलं होतं. फोनवर तर म्हणायचेच, पण समोरासमोर बोलतानाही मध्येच थांबून विचारायचे. एकदा डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हाही त्यांनी काळजीने विचारलं, "आवाज बरोबर येतोय काय?"

प्रोग्रामला खोकं किती लिटरचं ते सांगावं लागे. चाचांचा गणितावर विश्वास नव्हता. त्यांनी खोकं उताणं केलं, चाचीच्या पिंपातले तांदूळ त्यात काठोकाठ ओतले आणि लिटरच्या मापाने मोजत परत पिंपात टाकले. माप बिनचूक निघालं. पण पुढे आठवडाभर त्या घरात भाताबरोबर भुसा शिजला. "पाहुण्यांनी विचारलं, हा कुठला तांदूळ," चाचीने मला सांगितलं. "मी म्हटलं, सागवान."

सीडीवरचा प्रोग्राम तीस दिवसांपुरताच होता. चाचांनी त्यावर सुताराचा उपाय काढला. तिसावा दिवस आला की कॉम्प्युटरची तारीख गुपचूप महिनाभर मागे सरकवायची. तो कॉम्प्युटर अशा तऱ्हेने कायम एप्रिलात राहिला. मला पत्ता लागला तो परीक्षेनंतर. मी छापून वाटलेल्या प्रमाणपत्रांवर पोरं क्लासात दाखल व्हायच्या दोन महिने आधीच पास झाली होती. एका मुलीचे वडील शाळेत हेडक्लार्क होते, ते कागद घेऊन माळ्यावर चढले आणि मला काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्याच दिवशी मी तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला, रिक्षात घातला आणि चाचांच्या घरी नेऊन आदळला. शिक्षा म्हणून. चाचांनी खाटिक मोहल्ल्यापर्यंत ऐकू जाईल असा आनंद व्यक्त केला.

घरात आवाज भिंतींवर आपटतो म्हणून एकदा त्यांनी सगळा सरंजाम पोलादपूरजवळ मेहुण्याच्या कापणी झालेल्या भातखाचरात नेला. विहिरीच्या पंपावरून वायर ओढली, बांबूला माइक बांधला. खोक्यातून हूऽऽऽ असा आवाज चढत चढत ईऽऽऽवर गेला आणि वाडीतली झाडून सगळी कुत्री उत्तर द्यायला आली. पाठोपाठ माणसं आली. बांधावरच्या एका आजोबांनी बराच वेळ निरखून विचारलं, "पाणी कितीवर लागंल म्हणतंय?" चाचांनी मुळीच न हसता पडद्याकडे बघितलं आणि सांगितलं, "इथं नाय. आंब्याच्या पलीकडं बघा." पुढे तिथे खरोखर पाणी लागलं, असं मेहुणा शपथेवर सांगायचा. पण कुत्र्यांमुळे आमची रेघ मात्र वाया गेली.

मग पुन्हा घरातच मोजणी. आणि तिथे एक विचित्र दुखणं निघालं. सकाळी रेघ बरी यायची, संध्याकाळी तिच्यात ठरलेल्या जागी खड्डा पडायचा. दुपारी तोच खड्डा जरा सरकलेला. चाचांनी खोकं फोडलं, नवं केलं. खोक्याच्या भोकात बसवलेला पाइपाचा तुकडा लांब केला, आखूड केला. तीन खोकी फोडून झाली. चौथ्याला हातोडी लावणार, तोच शेवग्याच्या शेंगा मोडत बसलेली चाची म्हणाली, "ते हंडे बघा की आधी."

खोलीच्या कोपऱ्यात तिचे तीन तांब्याचे हंडे असत. सकाळी नळ आला की भरायचे, संध्याकाळपर्यंत तळ गाठायचे. चाची उठली, रिकाम्या हंड्यात तोंड घालून "ऊऽऽ" केलं. हंडा तिच्यापेक्षा मोठ्याने "ऊऽऽ" म्हणाला. "तुमचा आवाज हा खातोय. सकाळी याचं पोट भरलेलं असतं."

चाचांनी तिन्ही हंडे वाजवून बघितले आणि जमिनीवर बसले. "तीन खोकी फोडली मी!"

"विचारलंत कुठं मला?" चाची म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

हंडे मागच्या पडवीत गेले. रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ आली, आणि त्याच मापाचं जोडीचं दुसरं खोकंही झालं. चाचांनी मोहल्ल्यात खजूर वाटला, मला पावशेर जास्त दिला. मग चाचीला मध्ये बसवून अम्माची कॅसेट लावली. अम्मांना सासू म्हणून रोज ऐकलेली तीच एक, त्यामुळे पारखायचा मान तिचा. चाचीने डोळे मिटून सगळं ऐकलं. "आवाज साफ हाय," ती म्हणाली. "पण ही अम्मा नाय. रेडिओवरची बाई अम्माची नक्कल करतेय."

तसा चेहरा मी चाचांचा त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि प्रोग्राम बंद केला. पंधरा दिवस त्यांनी काहीही वाजवून बघितलं नाही. शेवटी निरोप आला, "कॉम्प्युटर घेऊन जा गो. झालं माझं."

मी गेले त्या दुपारी घरात गडबड होती. धाकट्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. पडवीत त्यांच्या जेवणाची तयारी मांडायची म्हणून हंडे परत आपल्या जुन्या कोपऱ्यात आले होते. चाची मागल्या दारी भांडी घासत होती. वायरी सोडण्याआधी चाचांनी उगाच शेवटची म्हणून कॅसेट लावली. अम्मा बोलू लागल्या. मुलाला जेवणाचं विचारलं, कुवेतच्या उन्हाला शिव्या घातल्या आणि नेहमीप्रमाणे मध्येच घरात ओरडल्या, "जैतून! गो जैतून! दूध उतू जातंय!"

"आले, अम्मा!"

मागून भांडं पडल्याचा आवाज आला. चाची कोपरापर्यंत राखेने भरलेल्या हातांनी स्वयंपाकघरात धावली. गॅस बंद होता. दूध फडताळात होतं. ती दारात येऊन उभी राहिली, आधी आमच्याकडे आणि मग खोक्यांकडे बघितलं. अम्मा अजून तिला बोलतच होत्या. चाचीने राखेच्या हातानेच पदर डोक्यावर ओढला आणि खाली बसली.

"ही अम्मा," ती म्हणाली.

चाचा मोठ्याने रडले, लहान मूल रडतं तसे. आणि रडता रडताच माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलीस? माप घे, माप घे!"

माप घेतलं. रेघ वाकडीतिकडी, खड्ड्यांनी भरलेली. चाचीला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. अम्मा याच खोलीत बसायच्या, ती म्हणाली, दुपारच्या नमाजानंतर कॅसेट भरायच्या, आणि तेव्हा हंडे अर्धे झालेले असायचे. हे शास्त्रात बसतं का, मला अजून माहीत नाही. चाचांचं मत होतं, निम्मं काम प्रोग्रामचं, निम्मं हंड्यांचं. चाची हंड्यांना बारा आणे द्यायची. हंडे पुन्हा कधी हलले नाहीत.

पुढे मी लग्न होऊन पुण्याला गेले. चाचा गेल्याचं मला उशिरा कळलं आणि मी जायला त्याहून उशीर केला, याची लाज वाटते. गेले तेव्हा दोन्ही खोकी जागेवर होती, वर क्रोशाचे रुमाल. मी बसायच्या आधी कपाट वाजवलं. चाची हसली, "लागली काय तुला पण सवय?"

मग म्हणाली, "थांब, ऐकवते." हंडे सकाळचे काठोकाठ भरलेले होते. तिने तांब्याने पाणी उपसून उपसून मागल्या दारच्या मिरच्यांना घातलं, तिन्ही हंडे बरोबर अर्धे केले आणि हात पुसून कॅसेट लावली. अम्मांची नव्हे. चाचांनी कुवेतहून पाठवलेली. ती कुवेतच्या कुठल्याशा खोलीत भरलेली, तिचा या हंड्यांशी काही संबंध नाही, हे मला कळत होतं. मी खोक्यांजवळ सरकून बसले.

जरा वेळ खरखर झाली. मग अगदी शेजारी बसल्यासारखे चाचा म्हणाले, "जैतून, आवाज बरोबर येतोय काय?"

"येतोय," चाची म्हणाली. "बोला."