सरकीची मुळाक्षरं

मी हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं, अंगणवाडी मात्र आयुष्यात एकदाच घेतली. त्या दिवशी वर्गात सात लेकरं होती आणि एक म्हैस.

आमची सून रंजना आमच्याच आंजी गावात अंगणवाडी सेविका आहे. तिची शिकवायची रीत न्यारीच. मैदानात पांढऱ्या फक्कीनं खाटेएवढी अक्षरं काढायची आणि एका अक्षराचा आवाज द्यायचा. 'क' म्हटलं की लेकरांनी धावत जायचं आणि 'क, क, क' करत त्या अक्षरावर उड्या मारायच्या. (आम्ही वर्गात उड्या मारल्या तेव्हा आम्हाला छडी मिळाली होती.) सगळी लेकरं अशी अक्षरं शिकली. राहिली एकटी पिहू, रंजनाची स्वतःची पोरगी! घरात ती माझं डोकं खायची, पण चार माणसं जमली की ओठ शिवल्यासारखी गप्प. उड्या नाहीत, आवाज नाही.

मी अंगणवाडी घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी पालकांची सभा होती. प्रत्येक लेकरानं सगळ्यांसमोर अक्षरं म्हणून दाखवायची होती. रंजनाला नेमकं सभेच्या आदल्या दिवशी मीटिंगसाठी वर्ध्याला जायचं होतं, आणि ती दारातच रडायला आली.

"मामाजी, उद्या लोकं काय म्हणतीन? सेविकेचीच पोरगी तोंड उघडत नाई."

"तू बिनघोर जा," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत पोरीले बोलती करतो."

दुपार कलल्यावर मी शेजारची सहा लेकरं अंगणात गोळा केली. फक्की अंगणवाडीच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली रंजनाच्या पर्समध्ये. पण गोठ्यात सरकीचं पोतं होतं! कापसाचं ते जाड बी पाहून मी तिथल्या तिथे एक सिद्धांत तयार केला : अक्षर नुसतं दिसून उपयोग नाही, ते पायाला लागलं पाहिजे. मी सरकीनं पाच अक्षरं काढली. फाटकाजवळ म, मग क, प, ग, आणि ओट्याला लागून र. उड्यांनी अक्षरं मोडायला लागली तेव्हा दुरुस्तीसाठी सदऱ्याचे दोन्ही खिसे सरकीनं भरून घेतले. सरकी हे म्हशीचं आवडतं खाणं आहे, हे गणिताच्या माणसाला सुचू नये?

पिहू ओट्यावर बसून नुसती पाहत होती.

तेवढ्यात रंभा, म्हणजे आमची म्हैस, चरून परतली. फाटकातच तिनं नाक वर केलं आणि म खायला सुरुवात केली. लेकरांना मी घाईघाईनं ओट्यावर चढवलं. ती आज्ञाधारक लेकरं तिथूनही "म, म, म" ओरडू लागली.

"हाड! रंभे, मांगं हो!"

रंभेनं मान वर करून पाहिलं. तिची नजर माझ्या तोंडावर नव्हती, खिशांवर होती. मी मागे सरकलो, ती पुढे आली. मी पळालो, तीही पळाली.

"आबाजी क वर! आता म्हस क वर!" ओट्यावर वर्ग जोरात चालला होता. मी अंगणात सोडलेल्या बैलबंडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. एक चप्पल क मध्ये राहिली. रंभा ती हुंगून पुन्हा माझ्यामागे लागली.

आणि एक नवाच आवाज आला. बारीक, पण अंगणभर ऐकू येणारा.

"आबाजी, प वर नोका जाऊ, तिथं शेण हाये! ग वर या! मंग र वर!"

पिहू उभी राहून हातवारे करत होती. मुख्याध्यापकांचं मी कधी ऐकलं नाही, तिचं ऐकलं. ग वरून र वर आणि र वरून ओट्यावर. तिथं पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की पोरीला सगळी अक्षरं येतात, आणि चारचौघांत तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते मला वाचवायला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लेकरांना वाटलं, आबाजी म्हशीले भेले.

दुसऱ्या दिवशी सभेत पिहूनं पाचही अक्षरांवर उड्या मारल्या, खणखणीत आवाजात. रंजना पदराआड डोळे पुसत होती. सभेला आलेल्या पर्यवेक्षिकाबाईंनी कौतुकानं विचारलं, "कोणी शिकवलं गं तुला?"

मी टोपी सारखी केली.

"रंभानं," पिहू म्हणाली.

बाईंनी वही उघडली. "या रंभाताई कोणत्या गावच्या?"

आता पिहू सहावीत आहे. अंगणात सिमेंटचे गट्टू बसलेत, रंभा म्हातारी होऊन गेली, गोठ्यात मोटारसायकल असते. मला त्या संध्याकाळची फार आठवण येते. पिहूलाही येत असावी. मी अपूर्णांक समजावून सांगायला बसलो की ती तासभर ऐकून घेते, वही मिटते आणि सुस्कारा टाकते, "आबाजी, आज रंभा पाह्यजे होती."