हिरव्या टाक्यांची साडी

बडग्या इमारतीला वळसा घालून मैदानावर आला आणि त्याच्या अंगावर माझ्या आईची साडी होती.

राखाडी साडी, निळे काठ. शाळेतल्या सगळ्या सफाईवाल्या मावश्यांना कंत्राटदाराकडून तीच मिळायची. पण आईचा पदर फाटला तेव्हा घरात राखाडी दोरा नव्हता, म्हणून मी हिरव्या दोऱ्याने टाके घातले होते. ते टाके लांबूनच दिसले. बडग्याच्या हातात झाडू. कपाळावर ताटलीएवढं कुंकू. पुढचे दोन दात काळे केलेले. छातीवर पाटी, 'पाय उचल वं, पुसून राहिली मी.' अख्खी शाळा हसत होती.

नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. सोबत बडगे असतात, बांबूचे नि कागदाचे मोठाले पुतळे. जे काही वाईट असेल ते त्यांच्या अंगावर लादायचं, गावभर मिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. आमची वस्ती इतवारीच्या मागे. तिथलं लेकरू चालायला लागलं की बांबूच्या कामट्या धरायला शिकतं. मीही तशीच शिकले.

शाळा मात्र रामदासपेठेतली. मोठ्या लोकांची. मला मोफत प्रवेशाच्या कोट्यातून जागा मिळाली होती. तिथे दर वर्षी हाउसच्या खो-खोच्या फायनलच्या आदल्या दिवशी प्रत्येक हाउस आपला बडग्या मैदानावर फिरवून जाळायचं. कुणाचा कॉपीचा, कुणाचा मोबाइलचा. मी नववीत होते त्या वर्षी आमच्या यलो हाउसने ठरवला अस्वच्छतेचा. सांगाडा मी बांधला. दुसऱ्या कुणाला येतच नव्हता. कपडे नि चेहरा आम्ही बघतो, असं सानिका म्हणाली.

सानिका आमची खो-खोची कॅप्टन, मी तिच्या संघात. डॉक्टरांची मुलगी. ती माझी मैत्रीण होती आणि ती मैत्री खोटी नव्हती, हेही सांगून टाकते. माझे बूट फाटले तेव्हा तिने स्वतःचे मला दिले आणि आठवडाभर अनवाणी पळाली. तिच्यासाठी, यलो हाउससाठी, मी घसा बसेपर्यंत ओरडायचे. माझ्या आवाजाला शाळेत तोड नव्हती. सांगाडा पाहायला ती आमच्या घरी आली, आईच्या हातची भाजी-भाकरी खाल्ली, आणि आईला ओळखलं. "अगं, या तर आपल्या मावशी." कुणाला सांगणार नाही म्हणाली. तिने शब्द पाळला. म्हणूनच जास्त लागलं.

लपवायचं कारण, आईचा एक नियम होता. "शाळेत मले आई म्हणू नको. लेकरं तुले चिडवतील." ती मागच्या गेटाने यायची, मी पुढच्या. ती वर्गात पोछा मारायला आली की म्हणायची, "पाय उचला बापू." सगळे पाय उचलायचे. मान कुणी उचलायचं नाही. एखादा मागून तिची नक्कल करायचा, "पाय उचल वं, पुसून राहिली मी." आणि मी वहीत डोकं घालून बसायचे.

आई कालपासून साडी शोधत होती. शाळेच्या मागच्या दोरीवर वाळत घातली आणि गायब. वाऱ्याने गेली असेल म्हणाली. त्या दिवशी दुसरी नेसून आली, ती अजून ओली होती.

मावश्यांनाही गंमत पाहायला बोलावलं होतं. त्या व्हरांड्यात ओळीने उभ्या. आई हसत होती. पडलेले दात दिसू नयेत म्हणून तोंडावर हात धरून. सगळे हसताहेत म्हणून तीही. मग तिला पदर दिसला. हसू गेलं नाही तिचं, तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"घाण घेऊन जा गा बडग्या." पोरं नाचत होती. आमच्या हाउसचे सर काडेपेटी घेऊन पुढे आले.

मी आत घुसले. सांगाडा माझ्याच हातचा. कुठली गाठ सोडली की काय निघतं ते मला माहीत होतं. साडी ओढून काढली.

"काय करतेस? आपलाच बडग्या आहे," सानिका म्हणाली.

"ही माझ्या आईची साडी आहे."

"अगं, तुझ्या आईचा थोडीच केला? मावश्यांचा केला. तू तर आपली आहेस."

आपली. म्हणजे मी आपली आणि माझी आई घाण. कचरा करायचा यांनी, उचलायचा तिने, आणि घाणीला चेहरा द्यायची वेळ आली की चेहरा तिचा. हे तिने वाईट मनाने केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. तिला त्यात काही वाईट दिसतच नव्हतं.

मग ज्या घशाने यलो हाउससाठी ओरडत होते, त्याच घशाने ओरडले. "आई, तुझी साडी सापडली वं."

सगळ्या माना व्हरांड्याकडे वळल्या. आईने मान खाली घातली.

मुख्याध्यापिका मॅडमनी ऑफिसात बोलावलं. "स्वच्छतेचा संदेश होता तो. तू हाउसचं स्पिरिट तोडलंस. उद्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर माफी मागायची, मगच फायनल खेळायची."

संध्याकाळी आई म्हणाली, "मागून टाक ना माफी. कंत्राटदारानं मले काढलं तर?"

"कशाची मागू?"

ती साडीची घडी घालत राहिली. परत मोडली, परत घातली. मग म्हणाली, "मी पण हसून राहिली होती. पाहिलं ना तू?"

"पाहिलं."

"नको मागू."

दुसऱ्या दिवशी माइक माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "मी माफी मागणार नाही. काल तुम्ही जिला जाळायला निघाला होतात ती माझी आई आहे. तिच्या बाजूच्या चौघी कुणाच्या तरी आया आहेत." पुढचं बोलू दिलं नाही. माइक काढून घेतला.

फायनल मी खेळले नाही. यलो हाउस हरलं आणि खापर माझ्यावर फुटलं. सानिका बोलेनाशी झाली. बूट मी परत केले. आईला कंत्राटदाराने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत धाडलं, दोन बस बदलून जावं लागायचं. मला वाईट वाटलं का? वाटलं. सानिकाची आठवण तर अजून येते. पण दहावी मी रामदासपेठेतल्याच शाळेत केली, पुढच्या गेटाने जाऊन, आणि माझी आई काय करते हे प्रत्येकाला न विचारता सांगितलं.

परवा व्हॉट्सॲपवर सानिकाचा मेसेज आला. जुन्या बॅचचं संमेलन आहे, मारबतीच्या आठवड्यात. "ये ना. बडग्या तूच बांध. तुझ्यासारखा कुणाला जमत नाही. यलो हाउस!"

मी उत्तर टाकलंय. येईन. बडग्या बांधणार नाही. आईला घेऊन येईन, पुढच्या गेटाने, त्याच हिरव्या टाक्यांच्या साडीत. ती आत येईल तेव्हा तुम्ही सगळे खुर्च्यांवर बसलेले असाल. या वेळी पाय उचलून भागणार नाही. उठून उभं राहावं लागेल.